उजाळा

भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या कोल्हापूर भागातल्या बायकांच्या अंगात काहीतरी संचारते. घटस्थापनेच्या आधी घरातली एकही वस्तू न धुतलेली राहता कामा नये, असा जणू सरकारी हुकूमच निघालेला असतो. वाकळा, सतरंज्या, पडदे, फडताळातली भांडी, माळ्यावरचे हंडे, सगळे अंगणात येऊन पडते. पुरुषमाणसे या दिवसांत घरात फारशी थांबत नाहीत. थांबली तर त्यांनाही कुणी पिळून दोरीवर वाळत घालील, अशी भीती त्यांना वाटत असावी.

याच सुमारास कोल्हापुरात अंबाबाईच्या दागिन्यांचीही स्वच्छता होते. देवीचे सोन्याचे आणि जडावाचे अलंकार रिठ्याच्या पाण्याने धुऊन, पुसून नवरात्रासाठी सिद्ध केले जातात आणि त्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात छायाचित्रासह येते. ती बातमी आज्जीला वाचून दाखवणे हे माझे काम. ती डोळे मिटून ऐकते आणि शेवटी एकच प्रश्न विचारते, "रिठंच वापरत्यात न्हवं अजून?" मी "होय" म्हणाले की, "मग झालं तर," असे म्हणून ती उठते आणि कपाटातला पितळी डबा खाली काढते. देवीचे झाले, आता आमचे.

आमचे म्हणजे काही फार नाही. वाचकांनी मनात भलते चित्र रंगवू नये. आमचे घर गडमुडशिंगीचे, शेतकऱ्याचे. दोन पिढ्यांत जे काही डाग जमले आणि अडीअडचणीला गहाण पडून पुन्हा सुटून आले, तेवढेच त्या डब्यात आहेत. परंतु आमच्या गावावरून जो रस्ता पुढे जातो तो हुपरीचा. हुपरी म्हणजे चांदीचे गाव. तिथे आणि भोवतालच्या गावांत घरोघरी चांदीचे काम चालते. कुणी तार ओढतो, कुणी कड्या जोडतो, कुणी घुंगरू लावतो आणि तयार झालेले पैंजण देशभर जातात. दुसऱ्या बाजूला कोल्हापूरची गुजरी, अंबाबाईच्या देवळाजवळची सराफांची पेठ. एका हाताला चांदी आणि दुसऱ्या हाताला सोने, अशा मधल्या जागी आमचे गाव आहे. म्हणूनच की काय, दागिन्यांविषयीचे शहाणपण आमच्याकडच्या बायकांत दागिन्यांपेक्षा जास्त असते!

आज्जीची दागिने धुण्याची पद्धत हा एक सोहळाच असतो. आधी परात मांडायची. परातीत पांढरे धुतलेले धोतर अंथरायचे आणि त्यावर चार वाट्या ठेवायच्या. मोरीवर बसून दागिना धुवायचा नाही हा पहिला नियम. एखादा खडा निसटला, एखादा मणी सुटला, तर तो पांढऱ्या कापडावर दिसावा, मोरीतून वाहून जाऊ नये. दुसरा नियम मोजण्याचा. डब्यातून काढताना डाग मोजायचे आणि ठेवताना पुन्हा मोजायचे. आज्जीला अक्षरओळख नाही, परंतु या मोजणीत ती कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

पहिली वाटी सोन्याची. रात्री भिजत घातलेले रिठे सकाळी कुस्करून, गाळून, त्या पाण्यात थोडे कोमट पाणी मिसळलेले असते. रिठ्याला साबणासारखा फेस येतो, परंतु तो साबणासारखा दागिन्याच्या सांदीत चिकटून बसत नाही. पाटल्या, बोरमाळेचे मणी, कुड्यांचे फासे त्यात थोडा वेळ ठेवायचे आणि अगदी मऊ कुंचलीने हळूहळू घासायचे. आज्जी म्हणते, "सोनं कवा मळतच न्हाई. मळतंय ते आपलं अंग. हळद, तेल, घाम, पिठाचं हात. तेवढं काढलं की सोनं हाय तसं हाय."

दुसरी वाटी कोल्हापुरी साजाची, आणि गंमत अशी की ती जवळजवळ रिकामी असते. साजाला पाण्यात घालायचेच नाही. साजात जी एकवीस पाने असतात, कुणी कासव, कुणी मासा, कुणी शंख, कुणी बेलपान, ती आणि मधले जवाच्या आकाराचे मणी बहुधा भरीव सोन्याचे नसतात. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. लाखेमुळे पत्र्याला आधार मिळतो, कमी सोन्यात मोठा दागिना होतो आणि गरिबाघरच्या लेकीच्या गळ्यातही साज पडू शकतो. परंतु लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी दिलेली राळ. ऊन लागले की मऊ होणारी, स्पिरिटात विरघळणारी. साज गरम पाण्यात घातला तर लाख फुगून छिद्रातून बाहेर येते आणि मण्याला पोचा पडतो. म्हणून ओलसर कापड, वर कोरडे कापड, आणि बस्स. पाने ज्या दोऱ्यात ओवलेली असतात तो मात्र दर दोन-तीन वर्षांनी पटवेकऱ्याकडून बदलून घ्यायचा. साज हरवतो तो बहुतेक वेळा चोरामुळे हरवत नाही, कुजलेल्या दोऱ्यामुळे हरवतो, असे आज्जीचे मत आहे.

तिसरी वाटी चांदीची. तिच्यात पुन्हा रिठ्याचे पाणी आणि शेजारी शेणकुटाची वस्त्रगाळ राख. रांगोळी वापरायची नाही, दंतमंजन वापरायचे नाही. त्यांनी चांदी चमकते खरी, पण तिच्यावर बारीक बारीक ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी ती अधिक लवकर मळते. चांदीला रबराची दोरी गुंडाळायची नाही, लोकरीत बांधून ठेवायची नाही. आणि आज्जीचे आणखी एक वाक्य, जे लहानपणी मी शंभरदा ऐकले आणि एकदाही नीट ऐकले नाही: "पायातली चांदी काळी पडत न्हाई. काळी पडत्या ती डब्यातली."

चौथी वाटी मोत्याची. तीत नुसते साधे पाणी, तेही कापडाचे टोक बुडवण्यापुरते. ते टोक पिळून मोती एकेक करून टिपायचा. साबण नाही, रिठा नाही, लिंबू तर मुळीच नाही. "मोती सगळ्यात शेवटी घालायचा आन् सगळ्यात आधी काढायचा," असा तिचा दंडक. पावडर, अत्तर, हळदीकुंकू सगळे झाले की मग नथ.

मी एकदा विचारले होते, "आज्जी, एवढी कटकट कशाला? एकाच पातेल्यात सगळे घालून का नाही धुवत?"

ती म्हणाली, "माणसागत हाय ते. तान्ह्या पोराला आन् म्हाताऱ्याला एकाच पाण्यानं न्हाऊ घालत्यात व्हय? पत्येकाची आंघोळ येगळी."

हे सारे मी लिहिले आहे ते फार शहाणपणाने लिहिले आहे, असे वाटेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. हे शहाणपण मला एका नथीच्या मोबदल्यात मिळाले, आणि ती नथ माझी नव्हती.

२०१९ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेने काय केले ते या भागातल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानतात. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. माझी आत्ती चिखलीत दिलेली. चिखली म्हणजे प्रयागाजवळचे, नदीच्या कुशीतले गाव. तिला आणि तिच्या मुलाला बोटीतून बाहेर काढले. निघताना तिने घराचे कागद, मुलाचे शाळेचे दाखले आणि देव्हाऱ्यातला टाक एवढेच पिशवीत घेतले. खाटेखालच्या ट्रंकेत तिचा दागिन्यांचा डबा होता. तो राहिला.

पाणी उतरल्यावर माझे वडील आणि आत्तीचा मुलगा चिखलीला जाऊन आले. घराची मागची भिंत बसली होती. ट्रंक जागेवर होती, चिखलाने भरलेली. तो डबा त्यांनी आमच्या पडवीत आणून ठेवला तेव्हा त्याला जो वास येत होता तो मी अजून विसरलेले नाही. कुजलेला ऊस, गाळ, मेलेली जनावरे, सगळ्यांचा मिळून एक वास.

आज्जीने डबा उघडला. आम्ही भोवती बसलो होतो. आत्ती जरा लांब, खांबाला टेकून. मला आज वाटते की पदार्थांच्या स्वभावाचा इतका चांगला धडा कुठल्याही प्रयोगशाळेत मिळाला नसता. एकच पाणी, एकच चिखल, तेवढेच दिवस. आणि डब्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या रीतीने बाहेर आली होती. सोन्याच्या कुड्यांवरचा गाळ बोटाने पुसला तर खाली सोने जसेच्या तसे. त्याला काही झालेच नव्हते. चांदीचे पैंजण आणि जोडवी तव्यासारखी काळी. ठुशीचा रेशमी दोरा कुजून तिचे मणी चिखलात विखुरलेले. बेन्टेक्सच्या बांगड्यांचा मुलामा सुटून खालून हिरवा कळंक आलेला. आणि नथ. नथीच्या मोत्यांवर मातीचा पापुद्रा बसला होता, पण खाली ते धड होते.

आज्जीने सगळे धोतरावर मांडले, मोजले आणि म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. सावकाश करू." दुसऱ्या दिवशी ती आणि आई शेतावर गेल्या. आमच्याही पिकाची नासाडी झालीच होती. घरात मी आणि आत्ती. आत्ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. माझे वय चौदा. मला वाटले, आपण काहीतरी करावे. सगळे दागिने लखलखीत करून संध्याकाळी तिच्यापुढे ठेवले तर तिला किती बरे वाटेल! आई तांब्याचा बंब लिंबू आणि मिठाने घासते हे मी पाहिले होते. बंब कसा सोन्यासारखा होतो! मी चार लिंबे पिळली, मूठभर मीठ घातले आणि उरलेसुरले सगळे डाग एका पातेल्यात बुडवले. नथसुद्धा.

थोड्या वेळाने पाहिले तर मोत्यांवर अगदी बारीक बुडबुडे चढत होते. मला आनंद झाला. मळ निघतो आहे, असे मी समजले.

मळ निघत नव्हता. मोती निघत होता. मोती म्हणजे शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून केलेला चुना, हे मला पुढे शास्त्र शाखेतल्या माझ्या एका मैत्रिणीने समजावून सांगितले. खडूवर लिंबू पिळले तर जसे फसफसते तसेच ते फसफसते. पोवळे आणि कवडीही त्याच जातीची. मोत्याच्या अंगावर जे पाणी म्हणून आपण म्हणतो, ते त्या पातळ पातळ थरांतून फिरणाऱ्या उजेडाचे असते. वरचे थर खाल्ले गेले की पाणी गेले. संध्याकाळी मी नथ बाहेर काढली तेव्हा तिचे मोती पांढरे स्वच्छ होते, पण भाजलेल्या शाळूच्या दाण्यासारखे. त्यांत काहीच हलत नव्हते.

आज्जीने नथ हातात घेतली. एकेका मोत्यावर अंगठा फिरवला. मला वाटले आता मार बसणार. तिने काही न बोलता नथ आत्तीपुढे धरली. आत्तीने पाहिली. मी रडू लागले होते. ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे पोरी. म्या कुटं घालणार हाय?"

रागावली असती तर बरे झाले असते, असे मला त्या क्षणी वाटले आणि अजूनही वाटते. आत्तीचे यजमान, आमचे मामा, त्याआधी दोन वर्षे वारले होते. त्या दिवशी आत्तीच्या पायांतली जोडवी निघत नव्हती. सोळा-सतरा वर्षे पायांत बसलेली, बोटांच्या मांसात रुतलेली जोडवी ती. बायका ओढत होत्या, आत्ती ओरडत होती. शेवटी आज्जीनेच सगळ्यांना बाजूला सारले, बोटांना साबण लावला आणि हळूहळू फिरवत ती काढली. आईने लेकीच्या पायांतली जोडवी काढायची! मी दारात उभी राहून ते पाहिले होते. आज्जीच्या हातांची ती फिरवण्याची लकब मी ओळखत होते. सोन्याची पाटली रिठ्याच्या पाण्यात फिरवताना ती असेच हात फिरवते. त्या दिवसानंतर आत्तीचा डबा बंद झाला तो पुराच्या पाण्याने उघडेपर्यंत.

पुढे मी बाबांबरोबर नथ घेऊन गुजरीत गेले. एका म्हाताऱ्या कारागिराने ती भिंगाखाली धरली आणि मान हलवली. गेलेले पाणी परत आणता येत नाही, मोती बदलून देतो, म्हणाला. आत्ती नको म्हणाली. नथ तशीच डब्यात राहिली.

गुजरीतल्या त्या फेरीत मी पहिल्यांदा झारेकरी पाहिले. सराफांच्या आणि कारागिरांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, गटारीतला गाळ काढून तो घमेल्यात धुवून धुवून त्यातला सोन्याचा कण शोधणारी ही माणसे. सोने घडवताना, घासताना, उजळताना जे उडते, पडते, वाहते, ते त्यांच्या घमेल्याच्या तळाशी सापडते. मी बाबांना विचारले, "म्हणजे दागिना घासला की त्यातले सोने जाते?" बाबा म्हणाले, "जाणारच. नाहीतर ह्यांची घरं कशावर चालली असती?"

मग मला आमच्या पैंजणांची गोष्ट आठवली. आईच्या लग्नातले पैंजण एकदा एका दुकानात पॉलिशला दिले होते. आरशासारखे चमकून आले, परंतु आज्जीने हातात घेताच तिचा चेहरा बदलला. काट्यावर घातले तर वजन कमी भरले. दुकानदाराने लबाडी केली असेल किंवा नसेलही. चांदीवरचा काळेपणा ही बाहेरून बसलेली धूळ नसते. हवेतल्या, गाळातल्या गंधकाशी चांदीच्याच वरच्या थराचा संयोग होऊन ती काळी पडते. तेजाबात बुडवून किंवा चाकावर घासून तो काळा थर काढला की त्याबरोबर चांदीही गेली. माझ्या त्याच मैत्रिणीने मला एक उपाय शिकवला. अॅल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी घ्यावे, त्यात खायचा सोडा टाकावा आणि चांदी भांड्याला टेकेल अशी ठेवावी. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते. पुरातले ते काळे पैंजण मी असेच उजळले. आज्जी बघत राहिली. नथीनंतर तिने माझ्या हाती डाग दिला तो हा पहिला. मात्र खडे किंवा मोती असलेले डाग आणि मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी यांना हा उपाय करू नये, हे येथे सांगून ठेवते, नाहीतर माझ्यासारखी आणखी कुणी एखादी निघायची!

जास्त निगा राखण्यानेही वस्तू झिजते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. अंबाबाईच्या मूळ मूर्तीची झीज होते आहे असे दिसल्यावर तिच्यावरचे अभिषेक थांबवावे लागले. आता अभिषेक उत्सवमूर्तीला होतो. २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी मूर्तीवर रासायनिक संवर्धनाचे काम केले. ज्या दुधादह्याने, पाण्याने आपण पिढ्यान्पिढ्या भक्तीने देवीला न्हाऊ घातले, त्याचा दगडाला त्रास होत होता. भक्ती खरी होती, आणि झीजही खरी होती. माझी चार लिंबे मला या ठिकाणी आठवतात. आत्तीवर माझे प्रेम होते म्हणून मोत्यांनी काही दया दाखवली नाही.

परंतु इथवर येऊन मला असे वाटू लागले होते की दागिन्याची सर्वांत चांगली काळजी म्हणजे त्याला हात न लावणे. डब्यात ठेवावा, कापडात गुंडाळावा, लॉकरमध्ये टाकावा, झाले. आमच्या वर्गातल्या कितीतरी मैत्रिणींच्या घरी हेच चालते. साज लॉकरमध्ये आणि गळ्यात त्याची बेन्टेक्सची नक्कल. चोरांच्या भीतीने ते करावेही लागते. आज्जीला हे बोलून दाखवले तेव्हा तिने मला पुन्हा तेच वाक्य ऐकवले: "काळी पडत्या ती डब्यातली." या खेपेस मी ते ऐकले. मैत्रिणीला विचारले तर तीही म्हणाली, खरे आहे. अंगावरची चांदी कापडाला, कातडीला सतत घासत असते, तिच्यावर काळा थर बसायला उसंतच मिळत नाही. मोती फार कोरड्या जागी वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यालाही तडे जाऊ शकतात. दोरा वापरात असला तर त्याचे कुजणे आपल्या ध्यानात येते. म्हणजे ज्याला आपण जपणे म्हणतो, ते बऱ्याच वेळा नुसते झाकून ठेवणे असते.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे, मंगळसूत्र तोडायचे, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे सुचवले. नेहमीप्रमाणे ही बातमीही मी आज्जीला वाचून दाखवली. त्या दिवशी आत्ती आमच्याकडे आली होती. पुरानंतर ती मुलासह कोल्हापुरात भाड्याने राहते आणि तिचा डबा आमच्याच कपाटात असतो.

वाचून झाल्यावर कुणीच बोलले नाही. आई चहा टाकायला उठली. आज्जी स्वतः तीस वर्षांची विधवा. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आमच्या येळेला कुणी इचारलं न्हाई." ते कौतुकाने म्हणाली, दुःखाने म्हणाली की आम्हांला जे भोगावे लागले ते यांना नको असे का, या रागाने म्हणाली, मला सांगता येणार नाही. माणसाच्या मनात या सगळ्या गोष्टी एकाच वेळी असू शकतात. ठराव करणे गावाच्या हाती असते, पण तो पायापर्यंत यायला किती वेळ लागेल हे कोण सांगणार? आत्तीने काही एक म्हटले नाही. ती मेथी निवडत होती, ती निवडत राहिली.

त्या वर्षी भाद्रपदात परात मांडली गेली, चार वाट्या आल्या. आत्तीच्या डब्याची पाळी आली तेव्हा मी सोड्याचे पाणी तयार करू लागले. आज्जी म्हणाली, "जोडवी मला दे." तिने ती रिठ्याच्या पाण्यात बुडवली, वस्त्रगाळ राख चिमटीत घेतली आणि घासत बसली. चारी जोडवी ती एकेक करून बोटांत फिरवत होती, हळूहळू, तीच लकब. अर्धा तास तरी गेला असेल. मग तिने ती पदराने पुसली आणि डब्यात न ठेवता, शेजारी बसलेल्या आत्तीच्या पायांजवळ ठेवली.

आत्तीने त्यांच्याकडे पाहिले. "आता बसायची न्हाईत आई. पाय सुजत्यात माजं."

"सोनार सैल करून देतोय," आज्जी म्हणाली आणि पुढचा डाग उचलला.

एवढेच बोलणे झाले. क्षमा मागणे, रडणे, मिठी मारणे, यांतले काही घडले नाही. आमच्या घरात ती रीत नाही. चार दिवसांनी मी आणि आत्ती गुजरीत गेलो. सोनाराने जोडवी सैल करून दिली आणि सवयीने विचारले, "पॉलिश मारू का? दोन मिनिटांचं काम."

"नगं," आत्ती म्हणाली. "पायात घालायची हाईत."

लगेच घातली असे मात्र नाही. पर्समध्ये टाकली आणि आम्ही परत आलो. ती तिच्या घरी गेली. मीही विचारले नाही.

पुढच्या भाद्रपदात नेहमीप्रमाणे मी अंबाबाईच्या दागिन्यांची बातमी वाचली, आज्जीने रिठ्याचा प्रश्न विचारला, परात मांडली, धोतर अंथरले. आत्ती सकाळीच आली होती आणि पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डब्यातले डाग धुऊन झाले. नथ मी स्वतः टिपली, ओल्या कापडाच्या टोकाने, एकेक मोती. ती काही उजळणार नाही हे ठाऊक आहे, तरी दरवर्षी टिपते. मग आज्जी मोजायला बसली. एकेक डाग उचलून ती डब्यात ठेवत होती आणि ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत होती. शेवटी ती थांबली. धोतर झटकले, वाट्यांत बोट घालून पाहिले, परात तिरकी करून पाहिली.

"चार कमी भरत्यात," ती म्हणाली.

तिने सगळे डाग पुन्हा बाहेर काढले आणि पुन्हा मोजायला घेतले. मधेच तिची नजर आत्तीच्या पायांकडे गेली. तिथे ती थोडा वेळ राहिली. मग तिने मोजणी तशीच सोडली, डाग आत ठेवले आणि डब्याची कडी लावली.